उंच कंगोऱ्यांचा पट्टा

मार्चच्या मध्यावर तिसऱ्यांदा मोठं बर्फ पडलं आणि बर्चच्या उतारावर राव्नाची बर्फगाडी चौथ्यांदा रुतली.

तिने वेग दिला तसा खालचा पट्टा जागच्या जागी गरगरला. पट्ट्यावरचे रबरी कंगोरे झिजून करंगळीच्या नखाएवढे उरले होते. गोठलेल्या नदीच्या टणक पाठीवर त्यांचं भागून जायचं. पण इथे कंबरभर भुसभुशीत बर्फात ते नुसते ताक घुसळल्यासारखे घुसळत राहिले आणि गाडी आपलाच खड्डा खणत खाली बसली. राव्नाने इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. मागच्या स्लेजवर चाऱ्याची आठ पोती होती आणि कळप उताराच्या पलीकडच्या खोऱ्यात होता.

जानेवारीत अवेळी पाऊस झाला होता. ते पाणी जमिनीवर काचेसारखं गोठलं आणि त्याच्यावर हे नवं बर्फ. खालचं शेवाळ रेनडिअरना ना हुंगता येई, ना उकरता. उकरून उकरून त्यांच्या पुढच्या पायांची कातडी सोलवटली होती. माद्या गाभण होत्या.

तिने फावडं काढलं. सत्तावन्न वर्षांची बाई, गुडघ्यात वात. तिने स्लेज सोडवली, गाडीपुढचं बर्फ पायांनी तुडवून घट्ट केलं, बर्चच्या फांद्या तोडून पट्ट्याखाली सारल्या. घाम मानेवरून कॉलरमध्ये उतरायचा आणि तिथेच गोठायचा. दोन तासांनी गाडी वर आली ती तोंड घराकडे करूनच. चार पोती तिने तिथेच फांद्यांवर टाकली. कळपाच्या नाकाला वास लागला तर येतील खाली, असं तिने स्वतःला सांगितलं. एवढ्या बर्फातून ती येणार नाहीत हे तिला ठाऊक होतं.

घरी पोचली तर अंगणात नील्लासची गाडी उभी. नील्लास म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. तो स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता आणि मिक्कल, तिचा नवरा, खिडकीशी उभा होता. सकाळी ती निघाली तेव्हाही तो तिथेच उभा होता.

"रु... रु..." मिक्कल म्हणाला.

"हो, रुतली," राव्ना टोपी काढत म्हणाली. "जेवलास का?"

ऑक्टोबरात कळपाची वाटणी चालू असताना, हातात दोर असतानाच मिक्कल कुंपणात खाली बसला होता. हेलिकॉप्टरने नेलं. वाचला, पण उजवा हात गेला, पाय ओढायला लागला आणि शब्द विस्कटले. मनात एक असायचं आणि तोंडातून दुसरंच पडायचं. मीठ हवं असलं की 'बूट' म्हणायचा. दवाखान्यातली बाई म्हणाली होती, घाई करू नका, त्यांना बोलू द्या. पण घरात कामं असतात. राव्नाला त्याचं वाक्य पुरं करायची सवय लागून गेली होती.

"चौथ्यांदा ना?" नील्लासने विचारलं.

"मी मोजत नाही."

"मी मोजतो. राव्ना, आता हट्ट पुरे. तुमची जनावरं माझ्या कळपात घालू. माझी वाट तळ्यावरून, कशी टणक, रोज जाऊन येतो मी. एप्रिलमध्ये किनाऱ्याकडेसुद्धा मीच नेईन सगळी. तू घरी थांब, याच्यापाशी."

'याच्यापाशी' म्हणताना त्याने मिक्कलकडे पाहिलंही नाही. माणूस दुष्ट नव्हता. दवाखान्यात तीन रात्री हाच खुर्चीत बसून झोपला होता. पण एकदा कळप गेला की परत येत नाही, हे त्या स्वयंपाकघरात तिघांनाही कळत होतं.

"प... प..." मिक्कल म्हणाला.

"पाणी?" नील्लासने पेला पुढे केला. "पाय दुखतोय? पाव हवाय?"

मिक्कलने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. कॉफी सांडली. मग त्याने खिडकीतून कोठाराकडे बोट केलं.

"पट्टा," राव्ना म्हणाली. "सप्टेंबरात मागवला होता त्याने. उंच कंगोऱ्यांचा. तसाच पडलाय गुंडाळलेला."

"आणि बसवणार कोण? शहरात वर्कशॉपला तीन आठवड्यांची रांग आहे. मला वेळ नाही."

"आम्ही बसवू."

नील्लास हसला. "आम्ही म्हणजे? अगं, त्या कामाला चार हात लागतात."

"तीन आहेत आमच्याकडे."

नील्लासने हातमोजे चढवले. "रविवारपर्यंत बघा. रविवारी मी माणसं घेऊन येतो." दारात तो थांबला. भावाच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याच्या मनात आलं असावं. पण त्याने दाराची कडीच चाचपली आणि गेला.

तो बुधवार होता.

गुरुवारी सकाळी राव्नाने कोठारातली शेगडी पेटवली. बाहेर उणे बावीस. लोखंडाला उघडा हात लावला तर कातडी चिकटेल, म्हणून आधी दोन तास नुसती लाकडं जाळली. मिक्कलला तिने चाऱ्याच्या पोत्यावर बसवलं, पाठीशी दुसरं पोतं लावलं. नवा पट्टा सोडला. काळा, वासाचा, कडक. त्याचे कंगोरे बोटाच्या दोन पेरांएवढे उंच. मिक्कलने डावा तळवा त्यांच्यावरून फिरवला, वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

गाडीची मागची बाजू जॅकवर चढवली. मागचे ताण देणारे बोल्ट ढिले केले. मग पट्ट्याच्या आतला सांगाडा धरून ठेवणारे चार मोठे बोल्ट. तीन निघाले. चौथा जागचा हलेना.

"मासा," मिक्कल म्हणाला.

राव्नाने मोठा पाना दिला. त्याने मान हलवली. "मासा." हातोडा दिला. कानस दिली. तेलाची बाटली दिली. "मासा! मासा!"

"अरे, मासा म्हणजे काय? नीट सांग ना!"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. मिक्कल पोत्याला रेटा देऊन उठला, पाय ओढत भिंतीपर्यंत गेला आणि कोपऱ्यातला लोखंडी पाइप ओढत घेऊन आला. तो त्याने पान्याच्या दांड्यावर चढवला. दांडा हातभर होता तो दोन हात झाला. दोघांनी त्याच्यावर भार टाकला. ती दोन हातांनी, तो एका हाताने आणि छातीने. बोल्ट बंदुकीसारखा वाजला आणि सुटला. राव्ना ढुंगणावर आपटली.

"बरं," ती जमिनीवरूनच म्हणाली. "पाइप म्हणजे मासा. लक्षात ठेवते."

गाडी आडवी पाडून त्यांनी सांगाडा बाहेर ओढला. साखळीच्या पेटीतलं काळं ऑइल एका डब्यात काढलं. साखळी काढली, दोन्ही बाजूंचे बेअरिंग सोडवले, पुढची आस तिरकी करून खेचली आणि जुना पट्टा मेलेल्या जनावरासारखा फरशीवर लोळला. सगळ्याला दिवस गेला. मधेच मिक्कलने एक नवीनच धोशा लावला.

"अंडी."

"भूक लागली?"

"अंडी. अंडी!"

राव्ना हात पुसून घरात गेली, दोन अंडी उकडली, मीठ लावून पातेल्यातूनच आणून दिली. मिक्कलने अंड्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही खाल्ली. भूक लागलीच होती. शेवटचा घास गिळून तो म्हणाला, "अंडी."

"आता कोंबडीच आणते," राव्ना म्हणाली.

रात्री जेवणाआधी तिने त्याला मोरीपाशी उभं केलं आणि भुसा आणि साबण घेऊन त्याचा डावा हात घासला. मग सवयीने उजवा पुसायला घेतला आणि थांबली. उजव्या हातावरही ग्रीस होतं. पट्टा ओढताना तो निर्जीव हात त्याने दगडासारखा वर ठेवून पट्टा दाबून धरला होता. तिने ते पाहिलंच नव्हतं. ऑक्टोबरपासून तो हात नुसता स्वच्छ राहिला होता. राव्नाने तो घाईने धुतला नाही. एकेक बोट घेतलं, नखांत साचलेलं काळं काडीने काढलं. मिक्कल खाली मान घालून बघत होता.

शुक्रवारी तिने नवा पट्टा उचलून गाडीत सारायला घेतला तर मिक्कल ओरडला, "रविवार!"

"रविवारी नील्लास येणार, माहितीये. म्हणून तर घाई करते."

"रविवार! रविवार!"

तो तिला आडवा उभा राहिला. राव्नाच्या जिभेवर आलं होतं, सर बाजूला. ते तिने गिळलं. पट्टा खाली ठेवला, त्याच्यावरच बसली आणि म्हणाली, "सांग. मी थांबलेय."

मिक्कलला घाम फुटला होता. त्याने ओठ हलवले, सोडून दिले. मग डाव्या हाताची ओंजळ केली आणि हवेतलं बर्फ उपसून मागे टाकलं. एकदा, दोनदा. मग ओंजळ उलटी केली, हाताची पाठ पुढे करून तसंच उपसून दाखवलं. काहीच हाती लागेना असं तोंड केलं. राव्ना उठली, पट्ट्याचा एक कंगोरा बोटांनी चाचपला. एका बाजूने तो किंचित खोलगट होता, पळीसारखा. तिने पट्टा उलटा धरला होता.

"अगंबाई," ती म्हणाली. "सगळं करून पुन्हा उघडावं लागलं असतं."

मिक्कल पोत्यावर बसला. दमला होता, पण चेहरा उजळला होता. "अंडी," तो हळूच म्हणाला.

या वेळी राव्ना घराकडे गेली नाही. "कुठेत? दाखव."

त्याने फळीकडे बोट केलं. रंगाच्या डब्यांमागे एक खोका होता, सप्टेंबरातलाच, न फोडलेला. आत दोन काळी दातेरी चाकं. पट्टा फिरवणारी चाकं पुढच्या आसेवर असतात, तसलीच; फक्त एक दात कमी, थोडी लहान. राव्नाने जुनं चाक आणि नवं चाक शेजारी धरलं. कंगोरे उंच झाले म्हणजे पट्टा वरच्या पत्र्याला घासणार. चाक लहान केलं की पट्टा तेवढा खाली बसणार. हे सगळं त्याने आजारी पडायच्या आधी विचार करून ठेवलं होतं आणि दोन दिवस तो तिला ते सांगत होता, आणि ती त्याला मीठ लावून देत होती.

"माझं डोकं उकडायला हवं होतं," ती म्हणाली.

नवी चाकं आसेवर चढेनात. मिक्कलने शेगडीकडे बोट केलं, मग पातेल्याकडे. अंडी उकडलेलं तेच पातेलं तिने पाणी भरून शेगडीवर ठेवलं आणि चाकं आत सोडली. पाणी खदखदायला लागलं तशी दोघांची नजरानजर झाली.

"मऊ हवीत की कडक?" राव्नाने विचारलं.

मिक्कलचे खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं त्याला काही होतंय. मग आवाज फुटला. तो हसत होता. एका बाजूने तोंड वाकडं होत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तीही पातेल्यावर वाकून हसत सुटली. ऑक्टोबरपासून त्या दोघांचं हसणं कुणी ऐकलं नव्हतं.

गरम चाकं फडक्यात धरून ठोकली तशी जागेवर बसली. दोन्हींचे दात एका रेषेत आहेत की नाहीत हे मिक्कलने एक डोळा मिटून पाहिलं, एक चाक चिमूटभर फिरवायला लावलं. पट्टा आत गेला, आस गेली, बेअरिंग, साखळी, नवं ऑइल. सांगाडा आत बसवताना मात्र राव्नाचा धीर सुटायची पाळी आली. स्प्रिंगा दाबून धराव्या लागत आणि त्याच वेळी भोकाशी भोक जुळवावं लागे. दोन वेळा सांगाडा निसटला. दुसऱ्यांदा तिच्या बोटाची साल गेली. तिसऱ्यांदा मिक्कल सबंध अंगानेच त्याच्यावर आडवा झाला, खांदा स्प्रिंगेवर टेकून. आणि बोल्ट आत गेला.

गाडी उभी केली. राव्नाने पट्टा हाताने फिरवला. खर्र, खर्र, खर्र.

वाकून बॅटरी मारली तर वरच्या पत्र्यातून चार बोल्टांची टोकं बोटभर खाली आलेली. मागची सामान ठेवायची जाळी त्यांनीच धरून ठेवलेली.

"कुणा शहाण्याने ठोकले हे एवढे लांब बोल्ट?"

मिक्कलने अंगठा स्वतःच्या छातीकडे वळवला.

गाडी पुन्हा आडवी. ताण पुन्हा ढिला. राव्नाने काखेपर्यंत हात आत घालून नट सोडवले, बोल्ट उलटे करून गोल डोकी आतल्या बाजूला आणली. या वेळी पट्टा फिरला तो नुसता सळसळत.

शनिवारी गाडीची मागची बाजू लाकडी घोडीवर चढवून इंजिन चालू केलं. पट्टा फिरत फिरत डावीकडे सरकत होता. मिक्कलने डोळे मिटले आणि डावा तळवा गाडीच्या अंगावर ठेवला. एक बोट वर केलं की राव्ना बोल्टला पाव फेरा द्यायची. बोट वर, पाव फेरा. बोट वर, पाव फेरा. सहाव्यांदा बोट वर झालं नाही. बाहेर त्या दिवशी वारा सुटला होता, ऊबदार, दक्षिणेचा. छपरावरून बर्फाचा एक लोंढा धप्पकन खाली आला.

रविवारी उजाडताच राव्नाने स्लेजवर पोती चढवली. मागे वळून बघते तर मिक्कल जाड कोट चढवून पोत्यांवर जाऊन बसलेला. कोटाची बटणं चुकलेली.

"दवाखान्यातल्या बाईने काय सांगितलंय?"

मिक्कल उताराकडेच बघत राहिला. राव्नाने जवळ जाऊन बटणं सोडवली, नीट लावली, आणि त्याच्या कमरेभोवती दोर घेऊन तो पोत्यांना बांधला. "पडलास तर मी उचलणार नाही," ती म्हणाली.

बर्चच्या उतारापाशी तिने वेग कमी केला. चारही खड्डे बर्फाखाली बुजून गेले होते, पण तिला त्यांच्या जागा ठाऊक होत्या. तिने उभं राहून वेग दिला. गाडीचं तोंड वर उचललं गेलं, मागून बर्फाची भिंत उडाली, गाडी क्षणभर बसल्यासारखी झाली; आणि मग खाली काहीतरी धरलं गेलं. कंगोरे बर्फात पकड घेत घेत चढत होते. बुधवारची चार पोती वाटेत पडली होती तिथेही तिने हात सैल केला नाही. माथ्यावर पोचल्यावरच तिने हात सैल केला. मागे वळून पाहिलं. मिक्कल नखशिखांत पांढरा झाला होता, नुसते डोळे दिसत होते.

खोऱ्यात कळप झाडांच्या आडोशाला विखुरला होता. दोन जनावरं मरून पडली होती, त्यांच्यावर कावळे. बाकीची उभी होती, पण हलत नव्हती. इंजिनाच्या आवाजाने ती मागे सरली. राव्नाने हाका मारल्या. पाच महिने चारा तीच घालत होती, तरी तिच्या हाकेला ती निम्मीच ओळखत.

मिक्कलने दोर सोडवला आणि बर्फात उभा राहिला. मान वर केली आणि साद घातली. लांब, घशाच्या खालून येणारी, टोकाला उचललेली. त्या सादेत शब्द नव्हता, त्यामुळे चुकायला काही नव्हतं. ती जशीच्या तशी आली, तीस वर्षं येत होती तशी.

एका म्हाताऱ्या मादीने मान वळवली. मग पावलं टाकायला लागली. तिच्यामागे दुसरी. बर्फातून छातीने वाट काढत सगळी खाली उतरायला लागली. राव्नाने पोत्यांची तोंडं कापली आणि चारा ओळीने पसरत गेली. मिक्कल डाव्या हाताने ओंजळ ओंजळ टाकत होता. म्हातारी मादी त्याच्या उजव्या हाताला हुंगून, मिठाचा वास येतो का बघून, पुढे गेली. राव्ना पाठमोरी होऊन रिकामी पोती घडी घालत राहिली. घडी नीट बसत नव्हती.

परतताना माथ्यावर तिने गाडी थांबवली. नवा पट्टा पहिल्या तासात सैल पडतो. तिने पाना काढून ताण पुन्हा बघितला, दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा फेरा दिला. मिक्कलने बोट वर केलं नाही. तो थर्मासचं झाकण दातांनी उघडत होता.

घरी पोचली तर पायरीवर नील्लास बसलेला. एकटाच. बूट काढलेले, पाय घोंगडीत गुंडाळलेले, पँट गुडघ्यापर्यंत गोठून ताठ झालेली.

"माणसं कुठेत?" राव्नाने विचारलं.

"घरी पाठवली. कालच्या वाऱ्याने तळ्यावर बर्फाखाली पाणी चढलंय. पहाटे आधी माझ्या कळपाकडे निघालो तर गाडी चिखलात बसल्यासारखी बसली. तिथेच सोडून चालत आलो." त्याने स्लेजकडे पाहिलं, रिकाम्या पोत्यांकडे पाहिलं, पोत्यांवर बसलेल्या भावाकडे पाहिलं. मग खाली वाकून गाडीच्या पोटाखाली नजर टाकली. "बसवलात."

"बसवला."

"चढली?"

"चढली."

नील्लास थोडा वेळ पायांवरची घोंगडी सारखी करत राहिला. "माझी जनावरंही उपाशी आहेत. तुमच्या खोऱ्यातून खिंड ओलांडली की माझा कळप तासाभरावर. तुमची वाट आज रात्री गोठून टणक होईल. माझ्या पोराची गाडी आहे, ती चालेल त्या वाटेने." त्याने घसा साफ केला. "राव्ना, उद्या तुमच्यामागून आलो तर चालेल का?"

"वाट त्याच्या कळपाची आहे," राव्ना म्हणाली. "त्याला विचार."

नील्लास उठला. मोज्यांवरच बर्फात चालत स्लेजपाशी गेला. दोघं भाऊ समोरासमोर आले. "मिक्कल," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला जड गेलं. "उद्या मी तुमच्यामागून येऊ का?"

मिक्कलचे ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले.

"म्हणजे तुला हरकत..." नील्लास बोलायला लागला. त्याची नजर राव्नावर गेली. ती नुसती उभी होती, काळे हात कोटापासून दूर धरून. नील्लासने तोंड मिटलं.

बर्फात त्याचे मोजे ओले होत होते. छपरावरून पाणी ठिबकत होतं. मिक्कलच्या कपाळावरची शीर फुगली, डावी मूठ मांडीवर आवळली गेली.

"ये," तो म्हणाला.

नील्लासने मान हलवली. पण मिक्कलने हात वर केला. त्याचं संपलं नव्हतं, अजून काहीतरी सांगायचं होतं. तो पुन्हा ओठ जुळवायला लागला, आणि ती दोघंही तिथेच उन्हात त्याची वाट बघत उभी राहिली.